खडूने आखलेला पाइप

इंग्लंडमधील फ्लिक्सबरो गावाजवळच्या एका रासायनिक कारखान्यात, १९७४ च्या मार्चअखेरीस, वर्कशॉपच्या फरशीवर खडूने एक पाइप आखण्यात आला. पूर्ण मापाचा. त्या पाइपचे कागदावर रेखाचित्र कधी झालेच नाही. फरशीवरच्या रेषा पाहून तुकडे कापले गेले, वेल्डिंग झाले आणि पाइप जागेवर चढला. दोन महिने त्याने बिनतक्रार काम केले. १ जूनला, शनिवारी संध्याकाळी पाचला काही मिनिटे कमी असताना तो निखळला आणि त्यापाठोपाठ झालेल्या स्फोटात २८ माणसे गेली. त्यांतले १८ जण एकट्या नियंत्रण कक्षात होते. आसपासच्या वस्त्यांतील सुमारे अठराशे घरांचे नुकसान झाले. शनिवार असल्याने कचेऱ्या जवळपास रिकाम्या होत्या. एरवीचा कामाचा दिवस असता तर मृतांचा आकडा कुठे गेला असता, याची कल्पनाही करवत नाही.

या घटनेला अर्धशतक उलटून गेले. तरी ती आज या स्तंभात आणण्याचे कारण असे की, दाबाखालचे पाइप ही आता केवळ कारखान्याच्या कुंपणाआडची गोष्ट राहिलेली नाही. मुंबई-पुण्यात आणि आता त्यापलीकडच्या शहरांतही रस्ते खणून गॅसवाहिन्या टाकल्या जात आहेत, त्या इमारतीच्या भिंतीवरून चढून ओट्यापर्यंत येत आहेत. औद्योगिक वसाहती एकेकाळी गावाबाहेर होत्या, गावेच आता त्यांना जाऊन भिडली आहेत. आणि पाइप फुटला की बातमीतले कारण ठरलेले असते : ‘दाब वाढल्यामुळे पाइप फुटला.’ हे वाक्य बहुतेक वेळा अपुरे असते आणि पुष्कळदा चुकीचे. पाइपला दाब सहन होत नाही असे क्वचितच घडते. दाबाचा हिशेब हा या विद्येतला सर्वांत सोपा भाग आहे. माणसे मरतात ती हिशेबात न धरलेल्या गोष्टींमुळे, आणि त्या गोष्टी जवळजवळ नेहमी नंतर केलेल्या एखाद्या बदलातून किंवा हरवलेल्या नोंदीतून आलेल्या असतात.

फ्लिक्सबरोला काय झाले ते नीट पाहण्यासारखे आहे. तिथे नायलॉनला लागणारा कॅप्रोलॅक्टम हा कच्चा माल तयार होई. त्यासाठी सहा मोठ्या रिअॅक्टर-टाक्या ओळीने मांडलेल्या होत्या, प्रत्येक टाकी आधीच्या टाकीपेक्षा १४ इंच खाली, म्हणजे द्रव आपोआप पुढे सरकत राहील. आतला द्रव सायक्लोहेक्झेन. तापमान १५५ अंश सेल्सियस, दाब दर चौरस सेंटिमीटरला ८.८ किलो. घरचा कुकर शिट्टी देतो तेव्हा आत जो जादा दाब असतो, त्याच्या साधारण नऊपट. सायक्लोहेक्झेन उघड्यावर ८१ अंशांनाच उकळते. म्हणजे १५५ अंशांवर त्याला द्रवरूपात धरून ठेवणारी गोष्ट एकच : तो दाब. दाब सुटला की त्याची क्षणात वाफ होणार, आणि ती वाफ पेट्रोलसारखी जळणार.

२७ मार्चला पाचव्या टाकीच्या बाहेरच्या पोलादाला उभी लांबलचक भेग आढळली. (त्या भेगेचे मूळही उद्बोधक आहे. बारीकसारीक गळती सौम्य करण्यासाठी टाकीवर बाहेरून पाणी सोडले जाई, त्या पाण्यात नायट्रेट होते आणि त्यानेच ताणाखालचे पोलाद चिरत गेले.) पाचवी टाकी काढायची आणि चौथी थेट सहावीला जोडायची, असे ठरले. टाक्यांची तोंडे २८ इंची. एवढा पाइप हाताशी नव्हता, २० इंची होता. तो घेतला. दोन्ही तोंडे एका उंचीवर नव्हती, म्हणून पाइपला दोन ठिकाणी कोन देऊन वाकडा आकार दिला. दोन्ही टोकांना आधीपासून बेलोज होते, म्हणजे बाजाच्या पेटीच्या भात्यासारखे घड्यांचे लवचीक जोड. ते तसेच ठेवले. पाइपचे वजन पेलायला खाली बांधकामावर असते तशी परांची बांधली.

आता हिशेब करून पाहू. पाइपच्या भिंतीवर दाबाने येणारा ताण काढण्याचे सूत्र दीडशे वर्षांहून जुने आहे : दाब गुणिले व्यास, भागिले जाडीची दुप्पट. २० इंच म्हणजे ५०.८ सेंटिमीटर. साध्या पोलादाला दर चौरस सेंटिमीटरला हजार किलो ताण सहज झेपतो असे धरले, तर ८.८ दाबासाठी भिंत किती जाड हवी? सव्वादोन मिलिमीटर. फक्त एवढीच. म्हणजे नुसत्या दाबाच्या दृष्टीने तो पाइप हवा त्यापेक्षा भक्कमच होता. फ्लिक्सबरोच्या लोकांनी हा हिशेब केला होता आणि तो बरोबर होता. पाइपमधून पुरेसा द्रव वाहील की नाही, हेही त्यांनी पाहिले होते आणि तेही बरोबर होते.

राहिला तो तिसरा हिशेब. बंद पाइपमधला दाब भिंतीला बाहेर ढकलतो तसा तो टोकांनाही ढकलतो. सरळ, अखंड पाइपमध्ये हे टोकांवरचे बळ भिंत स्वतःच ओढून धरते, त्यामुळे ते कोणाच्या लक्षातही येत नाही. पण मध्ये भाता आला की गोष्ट बदलते. भाता ताणला जातो, दाबला जातो, बळ धरून ठेवणे हे त्याचे कामच नव्हे. मग ते बळ थेट मधल्या तुकड्यावर येते. किती? २८ इंच म्हणजे ७१ सेंटिमीटर व्यास, क्षेत्रफळ सुमारे ३,९७० चौरस सेंटिमीटर, त्याला ८.८ ने गुणा. पस्तीस टन. भात्याच्या घड्यांचा घेर धरला तर त्याहून अधिक. दोन्ही टोकांकडून पस्तीस-पस्तीस टन, आणि तेही समोरासमोर नाही, एक थोडे वर, एक थोडे खाली. दोन तळव्यांमध्ये पेन आडवे धरून एक तळवा जरा वर, दुसरा जरा खाली ठेवून दाबून पाहा, पेन फिरते. ते फिरणे रोखायला त्या पाइपखाली परांचीचे नळकांडे होते, आणि तेही वजन पेलण्यापुरते.

भाते बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तिकेत अशा मांडणीबद्दल सावध केलेले होते. ती उघडली गेली नाही. चाचणी झाली, पण नायट्रोजनने, ९ किलोच्या आसपास दाबावर, गळते का एवढेच पाहण्यासाठी. सुरक्षा व्हॉल्व्ह ११ किलोला उघडणारा होता. तिथपर्यंत दाब नेऊन पाहिला असता तर कदाचित पाइप त्याच दिवशी, रिकामा असतानाच, वाकला असता. आणि या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट : कारखान्याचा मुख्य यांत्रिकी अभियंता वर्षाच्या सुरुवातीला नोकरी सोडून गेला होता, त्याच्या जागी अजून कोणी आलेले नव्हते. पाइप बसवणारी माणसे निष्काळजी नव्हती. उत्पादन लवकर सुरू व्हावे म्हणून ती राबत होती. हा तिसरा प्रश्न असतो, हे ठाऊक असणारे कोणी त्या दिवसांत तिथे नव्हते, आणि तसे कोणी नाही हेही कोणाला जाणवले नाही. चौकशी न्यायालयाने पुढच्या वर्षी दिलेल्या अहवालाचा रोख इथेच आहे.

हा तिसरा प्रश्न पाइपच्या विद्येत वेगवेगळी रूपे घेऊन येतो. सर्वांत नेहमीचे रूप म्हणजे उष्णता. साखर कारखान्याजवळून जाताना वाफेचे चांदीच्या रंगाच्या पत्र्यात गुंडाळलेले पाइप दिसतात. सरळ चाललेला पाइप मध्येच उगाच बाजूला वळून, चौकोनी वळसा घेऊन पुन्हा ओळीत येतो. अनेकांना वाटते, वाटेत काही अडथळा असेल. अडथळा नसतो. पोलादाचा शंभर मीटर लांब पाइप तापमानात १३० अंशांची वाढ झाली की साधारण साडेपंधरा सेंटिमीटरने वाढतो. ही वाढ कुठे तरी जायला हवी. तो वळसा ती पोटात घेतो. दोन्ही टोके पक्की जखडली आणि वळसा दिला नाही, तर केवळ तापण्याने येणारा ताण साध्या पोलादाची सहनशक्ती ओलांडतो. दाब शून्य असला तरी.

इथे सामान्य समजुतीला धक्का देणारी एक गोष्ट आहे. शंका असेल तर जरा जाड पाइप घ्या, हा सल्ला आपल्याकडे मिस्त्रीपासून मॅनेजरपर्यंत सगळे देतात. पण जाड पाइप ताठ असतो. तापल्यावर तो वाकत नाही, समोरच्याला ढकलतो, आणि समोर असतो तो पंप किंवा टाकीचे तोंड. पंपाचे बेअरिंग वारंवार जाते, टाकीच्या तोंडाशी वेल्डिंगला केसासारखी चीर पडते, गॅस्केट पुन्हा पुन्हा गळते. दुरुस्ती करणारा गॅस्केट बदलत राहतो. रोग असतो पन्नास फुटांवरच्या एका आधारात, जो कुणीतरी ‘पाइप हलतो’ म्हणून वेल्डिंगने पक्का करून टाकलेला असतो. पाइप हलावा म्हणूनच तो आधार मोकळा ठेवला होता, हे सांगायला रेखाचित्र लागते. कुठला आधार मोकळा, कुठला घट्ट, कुठला एकाच दिशेला सरकू देणारा, हे ठरवण्यातच या विषयातले बरेचसे कसब खर्च होते.

दुसरे रूप आपण घरात ऐकतो. जोरात वाहणारा नळ फटकन बंद केला की भिंतीतल्या पाइपमधून ‘ठक्’ असा आवाज येतो. वाहते पाणी एकदम थांबले की त्याची गती दाबात बदलते. मोठ्या पोलादी जलवाहिनीत सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारे पाणी अचानक थांबले, तर दर चौरस सेंटिमीटरला दहा-बारा किलोंची दाबाची लाट उठते. वीज गेली, पंप बंद पडला, व्हॉल्व्ह आपटून बंद झाला, की ती लाट वाहिनीतून मैलभर धावते आणि जिथे जोड अशक्त असेल तिथे बाहेर पडते. वाफेच्या पाइपमध्ये हेच अधिक भयंकर होते. थंड पाइपमध्ये साचलेल्या पाण्याला वाफ गोळीसारखी पुढे हाकते आणि पहिल्या वळणावर आपटवते. म्हणून जाणता बॉयलर अटेंडंट गळीत हंगामाच्या सुरुवातीला आधी खालचे ड्रेन उघडतो, पाणी काढतो, पाइप हळूहळू गरम होऊ देतो आणि मगच मुख्य व्हॉल्व्ह थोडाथोडा उघडतो. घाई करणाऱ्या नवख्याला तो रागावतो. त्याचे रागावणे योग्य असते.

नवा पाइप वापरात आणण्याआधी त्यात पाणी भरून नेहमीच्या कमाल दाबाच्या साधारण दीडपट दाबाने तो तपासण्याची रीत आहे. पाणीच का? पाणी फारसे दाबले जात नाही, त्यामुळे पाइप चिरला तर एक पिचकारी उडते आणि दाब तत्काळ उतरतो. हवा किंवा नायट्रोजन भरला तर तोच पाइप बॉम्ब होतो. वेळ वाचवण्यासाठी पाण्याऐवजी हवेने चाचणी ‘उरकणे’ हा प्रकार लहान कारखान्यांत चालतो. हा संक्षेप करणाऱ्यांना आपण काय करतो आहोत हे कळत नसते, असेच म्हणावे लागते.

पण समजा आराखडा उत्तम आहे, आधार जागच्या जागी आहेत, चाचणी झाली आहे. तरी पाइपचे आयुष्य तिथे सुरू होते, संपत नाही. जपानमधल्या मिहामा अणुवीज केंद्रात ९ ऑगस्ट २००४ रोजी एक पाइप फुटला. किरणोत्सर्गाचा त्यात काही संबंध नव्हता. टर्बाइनकडच्या बाजूचे साधे गरम पाणी, सुमारे १४० अंश तापमानाचे, त्यातून वाहत होते. फुटल्याक्षणी त्या पाण्याची वाफ झाली आणि पाच कामगार भाजून मेले, सहा जखमी झाले. पाइपची भिंत मुळात १० मिलिमीटर जाड होती. फुटलेल्या जागी ती दीड मिलिमीटरही उरली नव्हती.

हे कसे घडते? गरम पाण्याच्या पोलादी पाइपमध्ये आतल्या बाजूला लोखंडाच्या ऑक्साइडचा काळा थर धरतो आणि तोच खालच्या धातूचे रक्षण करतो. जिथे प्रवाहाला अडथळा येतो, वळण येते, पाणी घुसळते, तिथे हा थर विरघळत राहतो. धातू पुन्हा थर धरतो, पाणी पुन्हा नेते. वर्षाला मिलिमीटरचा लहानसा अंश. बाहेरून काहीच दिसत नाही, गळत नाही, आवाज येत नाही. रक्तदाबाच्या रुग्णाला जसे वर्षानुवर्षे काहीच होत नाही, तसे. मापायचे साधन मात्र सोपे आहे आणि वाचकांच्या ओळखीचे आहे : सोनोग्राफी. पाइपच्या बाहेरून ध्वनिलहरी सोडायच्या, आतल्या पृष्ठभागावरून त्या किती वेळात परततात ते पाहायचे, जाडी कळते. हातात मावणारे यंत्र, एका बिंदूला काही सेकंद.

मग मिहामात जाडी का मोजली नाही? अमेरिकेत व्हर्जिनियातील सरी अणुवीज केंद्रात १९८६ साली अशाच झिजेने पाइप फुटून चार जण मेले होते. त्यानंतर कुठल्या जागा झिजू शकतात त्यांच्या याद्या करून ठरावीक काळाने मोजमाप करण्याची पद्धत रूढ झाली. मिहामातही यादी होती. ही जागा त्या यादीतून राहून गेली होती. केंद्र १९७६ मध्ये सुरू झाल्यापासून अठ्ठावीस वर्षांत तिथे एकदाही यंत्र लावले गेले नाही. २००३ मध्ये ती चूक लक्षात आली, तेव्हा पुढच्या नियमित बंदच्या वेळी, म्हणजे ऑगस्ट २००४ मध्ये, मोजू असे ठरले. मेलेले कामगार त्याच बंदची पूर्वतयारी करायला तिथे आले होते.

हे वाचून हळहळ वाटते, पण त्यात शिकण्यासारखे हे की यादी असणे आणि यादी पुरी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. यादीतल्या सर्व जागा तपासल्या, असा शेरा मारणे सोपे. यादीत काय नाही, हे पाहायला यादी न बनवलेला माणूस लागतो, त्याने हातात रेखाचित्र घेऊन पाइपसोबत चालत जावे लागते. आपल्याकडच्या किती कारखान्यांत असा माणूस वर्षातून एकदा तरी चालतो?

रेखाचित्र आणि नोंदी यांबद्दल याहून कठोर धडा अमेरिकेतल्याच सॅन ब्रुनो या उपनगराने दिला. सॅन फ्रान्सिस्को विमानतळाशेजारच्या या वस्तीत ९ सप्टेंबर २०१० च्या संध्याकाळी जमिनीखालची ३० इंची गॅसवाहिनी फुटली. आगीचा लोळ इतका उंच होता की अनेकांना विमान कोसळले असे वाटले. आठ जण मेले, ३८ घरे जळून गेली. गॅसचा प्रवाह थांबवायला ९५ मिनिटे लागली, कारण बंद करायचे व्हॉल्व्ह माणसांनी गाडीने जाऊन हाताने फिरवायचे होते. फुटण्याच्या क्षणी दाब वाढलेला होता हे खरे. पण त्या वाहिनीला मंजूर असलेल्या कमाल मर्यादेच्या तो आतच होता. ‘दाब वाढल्यामुळे’ हे उत्तर इथेही अडखळते.

जमिनीतून तुकडा बाहेर काढल्यावर कळले ते असे. १९५६ मध्ये वाहिनीचा हा भाग घरे बांधण्यासाठी हलवण्यात आला तेव्हा तिथे काही आखूड तुकडे जोडून वापरले गेले होते आणि त्यांतल्या काहींचे लांबीच्या दिशेचे वेल्डिंग भिंतीच्या पूर्ण जाडीत झालेलेच नव्हते. नुसते वरून. कंपनीच्या दप्तरात मात्र या भागाची नोंद ‘सांधाविरहित पाइप’ अशी होती. ज्या पाइपला सांधाच नाही त्याचा सांधा कोण तपासणार? ती नोंद मान्य करून कमाल दाब ठरवला गेला, तपासणीचा प्रकार ठरवला गेला आणि ५४ वर्षे लोक त्यावर राहत होते. गंमत म्हणावी की शोकांतिका, तेवढ्या व्यासाचा सांधाविरहित पाइप त्या काळी तिथे बनतही नव्हता. नोंद वाचणाऱ्या कुणाही जाणत्याला ती खटकायला हवी होती.

आपल्याकडे याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. आंध्र प्रदेशातील नगरम गावात २७ जून २०१४ रोजी पहाटे ‘गेल’ या सरकारी कंपनीच्या वायुवाहिनीतून गळालेला वायू पेटला आणि वीसहून अधिक माणसे जळून मेली, त्यांत लहान मुले होती. कोरड्या वायूसाठी आखलेल्या त्या वाहिनीतून पाण्याचा अंश असलेला वायू वाहत होता आणि पाइप आतून गंजला होता, असे चौकशीतून पुढे आले. इथे पाइप बदलला नव्हता, आधार बदलला नव्हता. बदलला होता तो आतला पदार्थ. आराखडा करणाऱ्याने ‘कोरडा वायू’ असे लिहिले तेव्हा त्यावर पुढचे सगळे हिशेब उभे राहिले होते. ती अट मोडली तेव्हा सगळे हिशेब पुन्हा मांडायला हवे होते. गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधी तक्रारी केल्या होत्या, हेही तेव्हा समोर आले.

आता प्रश्न असा की यावर आपल्याकडे नियम नाहीत का. आहेत, आणि जुने आहेत. कोलकात्यात १८६३ मध्ये बॉयलर फुटून माणसे मेल्यावर बंगाल प्रांताने पुढच्याच वर्षी बॉयलर तपासणीचा कायदा केला. १९२३ च्या अखिल भारतीय बॉयलर कायद्यात तर वाफेच्या पाइपबद्दल स्वतंत्र कलम होते : मालकाला मुख्य वाफनळीच्या रचनेत बदल, भर किंवा नूतनीकरण करायचे असेल तर त्याने आधी मुख्य निरीक्षकाला लेखी कळवावे. फ्लिक्सबरोनंतर जगभरच्या रसायन उद्योगाने ‘बदलाचे व्यवस्थापन’ या भारदस्त नावाने जी शिस्त स्वीकारली, तिचे बीज पन्नास वर्षे आधी आपल्या कायद्याच्या पुस्तकात होते. २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या बॉयलर कायद्याने घेतली आहे. देशांतर्गत तेल व वायुवाहिन्यांसाठी तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाची मानके आहेत, २००६ च्या कायद्याने नियामक मंडळ आले आहे. कागदावरची बाजू अगदीच लंगडी नाही.

लंगडी आहे ती रात्रपाळीची बाजू. कारखान्यात रात्री दोन वाजता पाइप गळू लागतो. उत्पादन थांबवायचे नाही असा वरून निरोप असतो. फिटर क्लॅम्प मारतो, रबराची पट्टी गुंडाळतो, किंवा शेजारून एक तात्पुरती लाइन टाकून देतो. सकाळी सगळे त्याचे कौतुक करतात, आणि ते कौतुक खोटेही नसते. तात्पुरती लाइन दिवाळीपर्यंत राहते, मग पुढच्या दिवाळीपर्यंत, मग तिला रंग लागतो आणि ती कायमची होते. तिचा हिशेब कोणी केलेला नसतो. आमच्या मते कारखाने निरीक्षकाने वार्षिक भेटीत पहिला प्रश्न हाच विचारावा : गेल्या वर्षभरात कोणकोणत्या तात्पुरत्या लाइन टाकल्या, त्यांची रेखाचित्रे दाखवा. ‘एकही टाकली नाही’ असे उत्तर आले तर कारखाना अधिक बारकाईने पाहावा. आणि ज्या कारखान्यात दाबाखाली ज्वलनशील किंवा विषारी पदार्थ वाहतो, तिथे पाइपचा ताण-हिशेब समजणारा अभियंता सोडून गेल्यास त्याची जागा भरेपर्यंत कोणताही बदल करता येणार नाही, अशी अट परवान्यातच असावी. उद्योजकांना ही अट जाचक वाटेल. फ्लिक्सबरोत ती असती तर कारखाना फार तर काही आठवडे बंद राहिला असता.

शहरांतला प्रश्न वेगळा नाही, फक्त फिटरच्या जागी जेसीबी आहे. एकाच रस्त्याखाली पाणी, सांडपाणी, वीज, फायबर आणि गॅस. प्रत्येकाचा नकाशा वेगळ्या कचेरीत, काहींचा निवृत्त झालेल्या कर्मचाऱ्याच्या डोक्यात. खोदणाऱ्याने आधी कळवावे आणि खाली काय आहे ते विचारावे, यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप सुरू केले. चांगली कल्पना. पण अॅपमधून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर खरे यायचे तर त्यामागचा नकाशा खरा हवा. त्यासाठी प्रत्येक वाहिनी बुजवण्यापूर्वी ती प्रत्यक्ष कुठे आणि किती खोल टाकली, आराखड्यात काय होते ते नव्हे, याची नोंद कंत्राटदाराचे शेवटचे बिल काढण्याआधी महापालिकेकडे जमा झाली पाहिजे. जेसीबीचा दात पाइपला घासून गेला आणि पाइप फुटला नाही, तर चालक सुटकेचा श्वास टाकून माती लोटतो. तो ओरखडा तिथेच राहतो, त्याच्या टोकाशी ताण एकवटतो, संरक्षक लेप उडालेला असतो आणि पावसाळ्याचे पाणी कामाला लागते. अशा ओरखड्याची खबर देणाऱ्या चालकाला दंड न करता बक्षीस दिले, तर ते पैसे गॅस कंपनीला कधीही महाग पडणार नाहीत.

घरात येणाऱ्या पाइप गॅसचा दाब अगदी कमी असतो, सुमारे २१ मिलिबार. वातावरणाच्या दाबाच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या आसपास. त्याने पाइप फुटण्याची भीती नाही. पण स्वयंपाकघराचे नूतनीकरण निघाले की सुतार तो पिवळा किंवा तांब्याचा पाइप कपाटाच्या फळीआड बंद करतो, कारण तो दिसायला बरा दिसत नाही. बाल्कनीतल्या पाइपला कपडे वाळत घालायची दोरी बांधली जाते, त्यावर कुंडी टांगली जाते. जोडाशी हलकीशी गळती झाली तर उघड्या पाइपमधला वायू हवेत विरून जातो आणि वास येतो. फळीआडच्या बंद पोकळीत तो साचतो. कंपनीच्या माणसाने पाइप बसवताना तो उघडा ठेवला होता, तो या हिशेबाने. ओट्याखालचे कपाट नवे करून घेतले असेल, तर आज संध्याकाळी ते उघडून पाइप कुठून कसा गेला आहे हे पाहावे, आणि तो फळीआड गेला असेल तर गॅस कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून त्यांचा माणूस बोलवावा, सुतार नव्हे.